पहिला पगार, पहिली सही

संध्याकाळी साडेचारला बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातून माझा फेरा सुरू होतो. तिथून वडगाव, मग खासबाग, आणि दिवे लागल्यावर अनगोळ. खांद्याला पिशवी, हातात पिग्मीचं, म्हणजे सहकारी सोसायटीसाठी दारोदारी रोजची छोटी बचत गोळा करायचं मशीन. २००२ पासून हाच रस्ता. वडगावात मागांचा खडखडाट चालू असतो, बोललेलं ऐकू येत नाही, मग कुणीतरी दोन बोटं दाखवतं. दोन बोटं म्हणजे दोनशे. मी आकडा दाबते, पावती निघते, ती मागाशेजारच्या खिळ्याला लावते आणि पुढचं दार गाठते.

इतक्या वर्षांत ह्या रस्त्यावरची पोरं माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली. ज्यांच्या आयांच्या कार्डावर मी रोज दहा-दहा रुपये लिहायचे, ती आता मच्छेला, उद्यमबागेत, कागलला, गोव्यात वेर्ण्याला कामाला जातात. कष्टाला कुणी कमी नाही. तरी त्यातलं एखादं दरवर्षी अडकतंच, आणि अडकतं ते उधळपट्टीने क्वचित. बहुतेक वेळा एका सहीने. कुठल्या कागदावर सही केलीस, व्याज कसं लावलंय, जामीन किती रकमेचा, हे विचारलं की पोरगं गप्प होतं.

गेल्या वर्षी माझा भाचा उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागला. पहिला पगार झाल्यावर सलग चार रविवार मी त्याला घेऊन बसले. त्याला जे सांगितलं तेच त्याच्या वयाच्या सगळ्यांसाठी इथं लिहिते आहे.

आधी स्लिप वाचा

बँकेचा मेसेज आला की पगार झाला असं धरू नका. पगाराची स्लिप मागून घ्या. भाच्याच्या स्लिपवर मूळ पगार आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,०००, घरभाडं २,५००, येण्याजाण्याचे १,५००, असे एकूण १७,००० होते. खात्यात आले १५,३१२. "आत्ती, सतराशे कापले की गं," म्हणून तो हिरमुसला होता.

मी पेन घेतलं आणि त्याला दाखवलं. १,५६० रुपये पीएफ, म्हणजे १३,०००चे १२ टक्के. तेवढेच १,५६० कंपनीने वेगळे भरायचे असतात. त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,०८३ रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ४७७ पीएफमध्ये. म्हणजे ह्याच्या नावावर पीएफमध्ये महिन्याला २,०३७ रुपये साठतात आणि त्यावर व्याज मिळतं. राहिलेले १२८ रुपये ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे, एकूण पगाराच्या ०.७५ टक्के. त्यात कंपनी आपले ३.२५ टक्के घालते. पगार २१,०००पर्यंत असला तर ईएसआय लागू असतो, आणि त्यावर त्याचे आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचार होतात. माझ्या भावाला साखरेचा त्रास आहे. दर महिन्याच्या गोळ्या तो मेडिकलमधून रोख आणत होता. घरात पोराचं ईएसआय कार्ड असून दोन महिने कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पीएफ कापला गेला म्हणजे भरला गेला असं नाही. कंत्राटदाराकडे काम करत असाल तर हे विशेष बघा. उमंग अॅपवर पीएफचं पासबुक दिसतं. त्यात तुमचा आणि कंपनीचा भरणा महिन्यावार असतो. एखादा महिना गायब दिसला तर तेव्हाच विचारा, तीन वर्षांनी नको. नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवा आणि जुना पीएफ नव्या ठिकाणी वर्ग करून घ्या. आमच्याकडची पोरं उद्यमबाग सोडून गोव्याला जाताना पीएफ काढून घेतात आणि त्याचा मोबाईल घेतात. पेन्शन मिळायला १० वर्षांची नोकरी लागते, ती अशी तुकड्यातुकड्यांनी पुसली जाते.

इथंच आपल्या भागातली एक खास अडचण सांगते. नाव. शाळेत मराठीत लिहिलेलं नाव रेशनकार्डावर कन्नडमध्ये गेलं, तिथून आधारला इंग्रजीत आलं. वाटेत कुठं एक अक्षर वाढलं, कुठं वडिलांचं नाव गळलं, कुठं आडनाव पुढं आलं. भाच्याच्या आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर आधी, आणि दाखल्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. पीएफ काढायच्या दिवशी हे कळलं तर चार-सहा महिन्यांचे हेलपाटे. म्हणून पहिल्याच महिन्यात आधार, पॅन, बँक आणि पीएफ ह्या चार ठिकाणचं नाव आणि जन्मतारीख कागदावर एकाखाली एक लिहून ताडून बघा. जिथं फरक असेल तिथं लगेच दुरुस्ती करा.

एक महिना नुसतं लिहा

पगाराचे इतके टक्के ह्याला, इतके त्याला, असं मी कुणाला सांगत नाही. १५,००० पगारात घरी किती द्यावे लागतात ते घराघरावर असतं. पहिला महिना फक्त लिहा. भाच्याने शंभर पानी वहीत लिहिलं: घरी ७,०००, पेट्रोल १,९००, चहा-मिसळ-बाहेरचं खाणं २,६००, रिचार्ज ३४९, मित्राला हातउसने १,०००. बाहेरच्या खाण्याचा आकडा बघून तो स्वतःच गप्प झाला. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

पण महिन्याच्या वहीत न दिसणारा खर्चच आपल्या भागात घरं खिळखिळी करतो. गणपतीची वर्गणी, शिवजयंतीचा चित्ररथ, लग्नातला आहेर. आणि सगळ्यात मोठी म्हणजे गावची लक्ष्मी यात्रा. बाहेरच्यांना कल्पना येणार नाही, पण बेळगाव-खानापूरकडच्या कित्येक गावांत ही यात्रा कैक वर्षांनी एकदा येते आणि आली की प्रत्येक घरात शे-दोनशे पाहुणे जेवतात. घराला रंग, मांडव, बोकड, लेकीबाळींना साड्या. ज्या वर्षी गावात यात्रा असते त्या वर्षी आमच्या सोसायटीत कर्जाचे अर्ज वाढतात, हे मी काउंटरवर बघितलेलं आहे. यात्रा करू नका असं मी म्हणणार नाही, मीही माहेरच्या यात्रेत पोळ्या लाटल्या आहेत. पण यात्रा पंच बसून आधी ठरवतात, वर्ष-दोन वर्षं हातात असतात. त्या दिवसापासून महिन्याला १,५००ची आवर्त ठेव सुरू केली तर दोन वर्षांत ३६,००० आणि वर व्याज. तेवढ्यात जेवढी होईल तेवढी यात्रा करा. उरलेल्यासाठी सावकाराचं दार ठोठावू नका.

कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळे भाडं वाचणाऱ्या मुलींना मी आवर्जून सांगते. खानापूरहून बेळगावात कॉलेजला येणाऱ्या एका मुलीने २०२३ साली पासाचे वाचलेले पैसे पिग्मीत टाकायला सुरुवात केली, रोज ३० रुपये. भाडं आईकडून मागून घ्यायची सवय होती, ती तिने तशीच ठेवली, पण आईला सांगून. दोघींनी मिळून वर्षभर साठवलं आणि त्यातून तिने टॅलीचा कोर्स केला.

पिग्मीचं खरं रूप

मी पिग्मीवर जगते, म्हणून तिच्याबद्दल खरं सांगणं माझं काम आहे. ही पद्धत आपल्या कर्नाटकातलीच. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी आमच्या गल्लीगल्लीत राहिली.

पिग्मीवर व्याज कमी असतं. माझं कमिशन सोसायटी देते, पण कुठून देते? तुम्हाला जे व्याज मिळू शकलं असतं त्यातूनच. वर्षाच्या आत मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, वर थोडी कपातही होते. मग पिग्मी कशाला? कारण १,३०० रुपये महिन्याच्या शेवटी कुणाकडे उरत नाहीत, पण रोजचे ५० उरतात. ज्याची रोजची कमाई आहे, चहाची गाडी, शिलाई, रिक्षा, भाजी, त्याच्यासाठी पिग्मी चांगली. रोज ५०, महिन्याचे २६ दिवस, वर्षाला १५,६००. ज्याचा पगार थेट बँकेत येतो त्याने पिग्मीऐवजी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कापली जाईल अशी आरडी, म्हणजे आवर्त ठेव, लावावी. भाच्याला मी स्वतः पिग्मीचं खातं उघडू दिलं नाही. पोस्टातली आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची. बँकेत एक वर्षाचीही मिळते. त्याने बँकेत वर्षाची लावली, २,००० रुपयांची.

आणि पिग्मी भरत असाल तर माझ्यासारख्या एजंटावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. मी कितीही ओळखीची असले तरी. मशीनची पावती हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका, मोबाईलवर मेसेज येतो का बघा, आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः ऑफिसात जाऊन खात्यावरची रक्कम विचारा. "मशीन बंद आहे, उद्या पावती देते," असं कुणी म्हटलं तर पैसेही उद्याच द्या.

पहिले साठलेले पैसे गाडीला, मोबाईलला घालू नका. घराचा तीन महिन्यांचा खर्च बँकेत मुदत ठेव करून बाजूला ठेवा, लागलीच तर मोडता येते. त्यानंतर पीपीएफ, म्हणजे लांब मुदतीचं सरकारी बचत खातं, बघा. वर्षाला किमान ५०० भरले तरी खातं चालू राहतं, मुदत १५ वर्षांची, म्हणून विशीत उघडलेलं बरं. म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक, लावायची तर त्याच पैशांची लावा जे पाच-सात वर्षं लागणार नाहीत. तिथं कुणी हमी देत नाही.

टक्का कुठला?

दुसऱ्या रविवारी आम्ही एवढंच केलं. गल्लीत "तीन टक्क्यांनी दिले" म्हणतात तेव्हा तो महिन्याचा टक्का असतो, शेकडा ३. बँकेत "११ टक्के" म्हणतात तो वर्षाचा. पोरं म्हणतात, सावकार ३, बँक ११, मग सावकार स्वस्त! अहो, महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६. शेकडा ५ म्हणजे ६०. दहा हजार घेतले तर महिन्याला ५०० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. क्रेडिट कार्डाची थकलेली रक्कमही महिन्याच्याच हिशेबाने वाढते. महिन्याला साडेतीन टक्के असेल तर वर्षाचे ४२ होतात. कुणीही टक्का सांगितला की तोंडातून पहिला प्रश्न हा निघाला पाहिजे: महिन्याचा की वर्षाचा?

दुसरा प्रश्न: फ्लॅट की घटत्या शिलकीवर? गाडीच्या शोरूममध्ये भाच्याला ९०,०००च्या कर्जाला "फक्त १० टक्के" सांगितलं. तीन वर्षांचं व्याज २७,०००, एकूण १,१७,०००, महिन्याला हप्ता ३,२५०. हे फ्लॅट झालं. म्हणजे तुम्ही निम्मं कर्ज फेडलंत तरी व्याज सगळ्या ९०,०००वरच धरलेलं. हेच १० टक्के घटत्या शिलकीवर लावले तर हप्ता साधारण २,९०४ येतो आणि तीन वर्षांचं व्याज साडेचौदा हजारांच्या आसपास. शोरूमचे १० टक्के खऱ्या हिशेबात जवळपास १८ टक्के पडतात. त्याने मोबाईलवर ईएमआय कॅल्क्युलेटर उघडून तीनदा करून बघितलं, तेव्हा त्याला पटलं.

आता एक गोष्ट जी आपल्या सीमाभागातल्या प्रत्येकाने पाठ करावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक किंवा फायनान्स कंपनीने कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. प्रोसेसिंग फी, विमा, उशीर झाला तर दंड, सगळं त्या कागदावर येतं. आणि हा कागद कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असला पाहिजे, त्याला समजावून सांगितला पाहिजे, असा नियमच आहे. आपण कन्नड बोलतो, बाजारहाट करतो, पण कर्जाच्या कागदावरचं कन्नड वेगळं आणि इंग्रजी त्याहून वेगळं. तेव्हा लाजू नका. "मला मराठीत समजावून सांगा, मग सही करतो," असं काउंटरवर सरळ म्हणा. त्यात भाषेचं भांडण नाही. कन्नड मुलानेही पुण्यात कर्ज घेताना हेच मागावं. कागद हातात आला की किमान तीन कामाचे दिवस तो दर कायम राहतो, म्हणून घरी आणा, रात्री वाचा.

हा नियम रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या संस्थांना आहे. आमच्यासारख्या सोसायट्या त्यात येत नाहीत. तिथं मॅनेजरकडून कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहून घ्या: रक्कम, वर्षाचा दर, फ्लॅट की घटता, हप्ता, थकला तर दंड.

मोबाईलवरच्या कर्जाच्या अॅपला फोनमधले नंबर आणि फोटो उघडायची परवानगी लागत असेल तर ते अॅप तिथंच काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसत नाही, आणि पुढं वसुलीसाठी तेच नंबर वापरले जातात.

आणि घरातलं कर्ज घरात सांगा. पोरगा बाईक घेतो, आईचे दोन गटांचे आठवड्याचे हप्ते चालू असतात, वडिलांचं सोसायटीचं वेगळं, आणि तिघांना एकमेकांचं माहीत नसतं. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटातून मिळणाऱ्या छोट्या कर्जात घराच्या एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये असा २०२२चा नियम आहे. दारात बसून दमदाटीने वसुली करणाऱ्यांविरुद्ध कर्नाटकाने २०२५ साली कायदा आणला. तो असू दे. आधी जेवणाच्या ताटावर सगळ्यांचे हप्ते एकदा मोजा.

जामीन

ह्यासाठीच मी लिहायला बसले.

१९९८ साली मी बेळगावात एका ऑफिसात टायपिस्ट होते. पगार २,२००. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला रिक्षासाठी एका सोसायटीतून ४०,०००चं कर्ज हवं होतं. पगारदार जामीन लागत होता. मैत्रीण घरी आली, माझ्या आईने चहा केला, आणि चहा पिता पिता मी फॉर्मवर तीन ठिकाणी सही केली. "नुसती ओळख म्हणून असते गं," असं ती म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं, तिने मला फसवलं असं मी आजही म्हणणार नाही. नऊ महिने हप्ते गेले. मग रिक्षाचा अपघात, मग आजारपण, मग ते कुटुंब गोव्याला गेलं.

एक दिवस ऑफिसात माझ्या नावाने लखोटा आला. आत कन्नडमध्ये टाईप केलेली नोटीस. मी मराठी शाळेत शिकलेली, अक्षर लावून वाचत होते, पण अर्थ लागेना. शेवटी ऑफिसच्या शिपायाने वाचून दाखवली. तो वाचत होता आणि सगळे टेबलांवरून बघत होते. दुसरे जामीनदार निवृत्त झालेले, त्यांच्याकडून काही येणार नव्हतं. माझ्या पगारातून महिन्याला ७०० रुपये कापायला सुरुवात झाली. चार वर्षं. ३३,६००. ते भरून निघावेत म्हणून ऑफिस सुटल्यावर मी संध्याकाळची पिग्मी घेतली, आणि तीच पुढं माझं काम झालं.

कायदा काय सांगतो ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. १८७२च्या करार कायद्याचं कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराची रिक्षा विका, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. कर्ज थकलं की संस्था पहिल्याच दिवशी तुमच्या दारात येऊ शकते, आणि येते ती पगारदाराच्याच दारात, कारण पगार पळून जात नाही. बँकेचं कर्ज असेल तर ते तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं-फेडलं त्याच्या नोंदीवरही दिसतं. उद्या तुम्हाला घराचं कर्ज हवं असेल तेव्हा दुसऱ्याच्या थकबाकीने तुमचा अर्ज परत येतो. हा रिपोर्ट तो बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. मागवून बघा, तुमच्या नावावर तुम्हाला न आठवणारा एखादा जामीन निघतो का.

नवीन नोकरी लागली की वर्षभरात जामिनासाठी कुणीतरी येणारच. त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा. मी भाच्याला एकच कसोटी दिली: हे सगळं कर्ज मला एकट्याला फेडावं लागलं तर फेडीन का? फेडीन, आणि मनात आकस राहणार नाही, असं वाटलं तरच सही. सख्खी बहीण, आई, असं एखादंच माणूस त्यात बसतं.

आणि करायचीच ठरली तर अशी करा. कोऱ्या फॉर्मवर कधीही नाही. रक्कम, मुदत, दर भरलेला असला पाहिजे. सही केलेल्या प्रत्येक पानाची झेरॉक्स तिथल्या तिथं घ्या. दुसरा जामीनदार कोण, त्याचं वय काय, नोकरी किती वर्षं राहिली, ते विचारा. तारण काय ठेवलंय ते लिहून घ्या. कर्जाचा नंबर तुमच्या वहीत हवा, आणि दर तीन महिन्यांनी संस्थेत जाऊन हप्ते वेळेवर येतात का विचारा. पहिला हप्ता चुकला की त्या माणसाच्या घरी जा. आठवा चुकल्यावर गेलात तर दाराला कुलूप असतं.

दुर्दैवाने भरायची वेळ आलीच, तर माझ्यासारखी चूक करू नका. चार वर्षं माझ्या पगारातून पैसे गेले आणि पावत्या निघाल्या कर्जदाराच्या नावाने. पुढं मी त्यांच्याकडे मागायला गेले तेव्हा पैसे मी भरले ह्याला माझ्याकडे पुरावाच नव्हता. जामीनदाराने कर्ज फेडलं तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा आणि तारण मागायचा हक्क कायद्याने त्याला मिळतो. पण पावतीवर "जामीनदाराकडून भरणा" असं आणि तुमचं नाव लिहून घ्या. दरवेळी. कारकून कंटाळला तरी.

साठलेलं कुठं ठेवायचं

पाटीवर 'बँक' आहे की 'सोसायटी', 'सौहार्द' (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालची सहकारी संस्था), 'मल्टिस्टेट', हे आधी वाचा. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत, मग ती सहकारी असली तरी, तुमच्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. २०२०च्या फेब्रुवारीपासून ही मर्यादा आहे, आधी १ लाख होती. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून ५ लाख. सोसायटीला, सौहार्दला हा विमा नाही. मी ज्या सोसायटीसाठी पैसे गोळा करते तिलाही नाही, आणि नवीन खातेदाराला मी हे स्वतः सांगते. मल्टिस्टेट आपल्या सीमाभागात पुष्कळ, कारण दोन्ही राज्यांत सभासद असतात. त्यांचं रजिस्ट्रेशन दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे असतं, म्हणजे तक्रार बेळगावच्या ऑफिसात सुटत नाही. सोसायटीत ठेवायचेच तर बुडाले तरी घर चालेल इतकेच ठेवा, आणि वार्षिक सभेला जाऊन बसा. अहवालात थकबाकी किती आहे त्यावर बोट ठेवून विचारा. तुम्ही सभासद आहात.

दामदुप्पट कुणी सांगितली तर ७२ला वर्षांनी भागा. साडेतीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेवीस टक्के. एवढं व्याज देणारा स्वतः कितीने कमावतो, हे त्याला विचारा आणि उत्तर ऐकून घरी या.

बाकीचं थोडक्यात. बँक खात्यावर २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही २ लाखांचे, वर्षाला. भट्टीजवळ काम करणाऱ्या पोराने हे दोन्ही घेतलेच पाहिजेत. मे महिन्याच्या शेवटी खात्यात ५०० रुपये राहू द्या, तेव्हा कापले जातात. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा. फोनपे-गुगलपेवर पैसे यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. गेलेच तर त्याच तासात १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन करा.

गेल्या महिन्यात भाच्याच्या शिफ्टमधला एक मित्र जामिनाचा फॉर्म घेऊन घरी आला. बहिणीच्या लग्नासाठी दीड लाख. मी आत भाकऱ्या करत होते, मुद्दाम बाहेर आले नाही. भाच्याने फॉर्म पूर्ण वाचला, दोन प्रश्न विचारले, दराचा रकाना कोरा होता. मग म्हणाला, "सही नाही करणार रे मी. पण माझ्याकडे साठलेले आहेत, पाच हजार देतो. जमेल तेव्हा दे." मित्र थोडा वेळ काही बोलला नाही. चहा पिऊन झाल्यावर त्याने तीन हजार घेतले. भाच्याने वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं. त्यातले एक हजार ह्या पगाराला परत आले आहेत.